यशवंत घाडगे, वय २२ : याला आपण कुठे बसवायचं?

कुंडलिकाकाठ
मंडळी, सप्टेंबरात आम्ही तिघं इटलीला चाललोय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हे ठरलेलं त्रिस्थळी आहेच. पण मध्ये उंब्रिया भागासाठी थोडा वेळ हट्टाने राखून ठेवलाय, कारण तिथे आमच्या शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा पडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. दुसऱ्या महायुद्धात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन ठाण्यावर हल्ला करताना त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन चालली आणि ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. मागे कुणी उरलेलं नाही हे माहीत असूनही ते एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं, मॅगझिन संपलं तेव्हा बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात प्राण गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक.

२२ जुलै २०२३ ला मोंतोने नावाच्या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. तिथे जायचंय.

तर प्रश्न दोन. मोंतोने कुणी पाहिलंय का? आणि दुसरा जरा अवघड. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, "बाबा, ते इंग्रजांच्या बाजूने लढले ना? मग आपण कशाला जायचं?" मी "तसं नसतं गं" म्हणून वेळ मारून नेली. पण मग कसं असतं?

लाल_डबा
माणगाव म्हटलं की मला फक्त ट्रॅफिक आठवतं. दर गणपतीत त्या नाक्यावर इतका वेळ उभे असतो की तालुक्यातल्या प्रत्येक थोर पुरुषाची ओळख व्हायला हरकत नव्हती. तरी हे नाव आज कळलं. धन्यवाद.

आगाऊ_कार्टं
@लाल_डबा, टायबर ओलांडायला घाडग्यांच्या दहाव्या डिव्हिजनला लागला त्याहून जास्त वेळ तुम्हाला इंदापूर ते माणगाव लागतो. बायपास झाला की कळवा.

रोखठोक_नाना
मुलगी बरोबर बोलली. उगाच भावनेच्या भरात वाहून जाऊ नका.

१९४२ च्या सप्टेंबरात महाडला काय चाललं होतं? नाना पुरोहितांचा मोर्चा निघाला, त्यावर गोळीबार झाला, पोरं हुतात्मा झाली. माणगावहून महाड किती लांब आहे हो? सातारा-सांगलीकडे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू. त्याच साली बंगालात लाखो माणसं उपाशी मेली, कारण सरकारचं लक्ष युद्धाकडे. आणि त्याच सरकारच्या पगारावर आमचे लोक इटलीत कुणाचं स्वातंत्र्य मिळवून देत होते? इटालियनांचं! स्वतःच्या घराला आग लागलेली असताना सावकाराच्या विहिरीवर पाणी भरण्यातला प्रकार. शूर होता, मान्य. पण शौर्य कुणासाठी, हा प्रश्न येतोच. नुसतं शूर म्हणून पुतळे उभारायचे तर त्या चार जर्मनांचेही उभारा, तेही पळाले नव्हते.

माजी_हवालदार
नाना, तुम्ही जे लिहिलंत ते मी शिरस्त्याप्रमाणे शांतपणे वाचलं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतच होतो, बेळगावला रंगरूट म्हणून गेलो आणि तिथेच हे नाव पहिल्यांदा ऐकलं. शाळेत नव्हे.

"कुणासाठी" हा प्रश्न तुम्ही-आम्ही खुर्चीत बसून विचारतो. सेक्शनमध्ये तो प्रश्न नसतो. नाईक म्हणजे सेक्शन कमांडर. आठ-दहा पोरं त्याच्या हाताखाली. कुणाला खोकला आहे, कुणाच्या घरी म्हैस मेली, कुणाची मनीऑर्डर पोचली नाही, सगळं नाइकाला ठाऊक. अधिकारी बदलतात, नाईक रात्रंदिवस त्यांच्यातच झोपतो. त्या दिवशी काही क्षणात ती सगळी पोरं आडवी झाली. जखमी होती ती मोकळ्यावर पडलेली, आणि मशीनगन चालूच. ती गन बंद पडल्याशिवाय त्यांना कुणी ओढून आणू शकत नाही. आता सांगा, हा माणूस पंचम जॉर्जसाठी धावला की सहाव्या?

आणखी एक. टॉमीगन नळीकडून धरली असं सगळे सहज लिहितात. नुकती झाडलेली असते ती, नळी भाजते. रिकामी असली तरी साडेचार-पाच किलोचं ते लोखंड आणि दस्ता लाकडाचा. हे सिनेमासारखं दोन सेकंदात होत नाही.

आगाऊ_कार्टं
सहाव्या. १९४४ म्हणजे सहावा जॉर्ज. हवालदारसाहेब, माफी, पण राहवलं नाही.

फुलपात्र
हवालदारकाकांचा शेवटचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं. मला अडचण इथेच आहे. नववीतल्या मुलीला आपण नक्की काय सांगणार? दोन माणसांना दस्त्याने ठेचून मारलं, म्हणून पदक मिळालं? तेही कुणाची तरी विशी-बाविशीची पोरंच असणार. मी नानांच्या बाजूची नाही, मला इंग्रज-जर्मन हा मुद्दाच नाही. मला त्या पदकाच्या मजकुराचा त्रास होतो. बावीस वर्षं आठ महिन्यांच्या आत संपलेलं आयुष्य, आणि त्यातली चार-पाच मिनिटंच सरकारने लिहून ठेवली. तीही मारण्याची.

बाकीच्या बावीस वर्षांचं काय? पळसगावात भात लावलं असेल, वरकसावर नाचणी. जुलैची १० म्हणजे आपल्याकडे ऐन लावणी. चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरलं. त्याच दिवशी तिकडे कडक उन्हाळ्यात हा डोंगर चढतोय. लग्न झालेलं होतं त्याचं.

माझी आजी पोलादपूरकडची. तिचे थोरले दीर लढाईत होते, परत आले ते. पण आजी सांगायची, तार घेऊन पोस्टमन दिसला की वाडीतल्या बाया वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. वाचता येणारा एकच, तो मास्तर, शाळा सुटेपर्यंत यायचा नाही. एकदा अशी संध्याकाळपर्यंत रडारड झाली आणि मास्तरांनी येऊन वाचलं तर तार बढतीची. दिरांना लान्स नाईक केलं होतं! सासूने मग मुलालाच शिव्या घातल्या, की असली खबर पत्राने कळवता येत नाही का मेल्याला.

लाल_डबा
आजी भारी :) आम्हाला घरच्यांच्या बढतीची बातमी पेढे आले की कळते.

चवदार_पाणी
नानांना एक विचारायचंय. ४२ च्या लढ्याचा दाखला देताना तुम्ही असं धरून चालता की प्रत्येकासमोर दोन सारखी दारं उघडी होती, एक देशाचं आणि एक इंग्रजांचं. माझे पणजोबा १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा भरती झाले, बेळगावलाच. त्याआधी आमच्यासाठी पलटणीचं दार इंग्रजांनीच बंद करून ठेवलेलं. बाबासाहेबांनी ते उघडायला लावलं आणि तरुणांना भरती व्हायला सांगितलं. पणजोबांना विचारलं असतं "कुणासाठी", तर ते म्हणाले असते, पायात बूट घालून गावात यायचं होतं. आणि आले. त्यांना पाटलाने हटकलं नाही, एवढी एकच गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. प्रतिसरकारबद्दल मला आदर आहे, पण त्या बुटांचा हिशोब तुमच्या खतावणीत कुठल्या बाजूला लिहिणार?

रोखठोक_नाना
चवदार_पाणी, तुमचा मुद्दा वेगळा आणि मला मान्य. घाडग्यांची गोष्ट तशी नव्हती. मराठ्यांना सैन्याचं दार कायम उघडंच होतं.

हवालदारसाहेब, सोबत्यांसाठी धावला हेही मान्य. पण मग तसंच म्हणा. "देशासाठी बलिदान" असं फलकावर लिहू नका. मला फलकाची चीड आहे, माणसाची नाही.

माजी_हवालदार
दार उघडं होतं म्हणजे आत मेजवानी नव्हती, नाना. रत्नागिरी, कुलाबा, सातारा इथली माणसं सैन्यात आणि मुंबईच्या गिरणीत का जात? जमिनीचा तुकडा एक आणि भाऊ चार. आमच्या साताऱ्याचं अपशिंगे घ्या, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांना काय सगळ्यांना एकदम साम्राज्याचा पुळका आला होता?

पण फलकाबद्दल तुमच्याशी सहमत. आमच्यातही खोटं बोललेलं आवडत नाही.

पेरुजावाली
मी पेरुजात शिकतेय, मोंतोने इथून गाडीने तासाभराच्या आत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून लिहिते.

टेकडीवरचं तटबंदीचं छोटं गाव. गल्ल्या दगडी, चढाच्या, सगळं अर्ध्या-पाऊण तासात पायाखालून जातं. स्मारक साधं आहे, भव्यदिव्य अपेक्षा ठेवून जाऊ नका. सूर्यघड्याळावर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ "आपण सगळे एकाच सूर्याखाली". खाली टायबरचं खोरं दिसतं. आपल्याकडची टायबर म्हणजे रोममधली, पुलाखालची पिवळट. इथे ती लहान आहे, बाजूला मक्याची आणि तंबाखूची शेतं. पण दोन्ही अंगांना टेकड्यांची रांग इतकी सलग आहे की वर मशीनगन घेऊन बसणाऱ्याला खालचं सगळं दिसणार, हे लष्करातलं काही न कळणाऱ्या मलाही कळलं. जर्मन एकेक टेकडी लढवत मागे सरकत होते आणि आपले लोक एकेक टेकडी चढत होते.

आता नानांसाठी खास. या गावाचा सगळ्यात मोठा सुपुत्र म्हणजे ब्राच्चो दा मोंतोने, १३६८ चा जन्म. धंदा काय? भाडोत्री सेनापती! जो पैसे देईल त्याच्यासाठी लढायचा, पोपसाठी आणि पोपविरुद्धही. गावाला त्याचा केवढा अभिमान. त्यामुळे "कुणाच्या पगारावर" या प्रश्नाने मोंतोनेकरांची झोप उडत नाही.

रोखठोक_नाना
हा हा. हे मात्र भारी. ब्राच्चोला माझा नमस्कार सांगा.

काळीनदी
मी कारवारचा, त्यामुळे आमच्या माणसाचं नाव घेतो. रामा राघोबा राणे, चेंडियाचे. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअरांच्या दलात) भरती, इंग्रजांचंच सैन्य, बर्मात जपान्यांशी लढले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली, परमवीर चक्र मिळालं. हयातीत. अंदमानात २०२३ च्या जानेवारीत ज्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात तेही आहेत.

आता बघा. राणे बर्मात गोळी लागून गेले असते तर या धाग्यावर "इंग्रजांचा शिपाई" ठरले असते. घाडगे इटलीतून परत आले असते तर १९४७ ला पंचवीस-सव्वीस वर्षांचे, अनुभवी एनसीओ (नाईक-हवालदार दर्जाचे), कदाचित काश्मीरमध्ये. त्यांची तिसरी मराठा पुढे २ पॅरा झाली, आजही आहे. सैन्य तेच, माणसं तीच, फक्त टोपीवरचा मुकुट जाऊन सिंह आले. माणूस कुठल्या तारखेला मेला यावरून तो आपला की परका हे ठरवायचं?

आगाऊ_कार्टं
+१. तारखेवरून फक्त वीजबिलाचा दंड ठरावा.

चवदार_पाणी
काळीनदी, सुरेख मांडलंत. यात नामदेव जाधवही घाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे, जन्म त्याच नोव्हेंबर १९२१ चा, दोन दिवसांनी धाकटे! पहिल्या मराठा पलटणीत, तेही इटलीतच. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे नेलं, मग तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची आरोळी देत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. तोफगोळे पडत असताना. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, परत आले आणि १९८४ ला पुण्यात वारले. बासष्ट वर्षांचं आयुष्य. दोघांत फरक म्हटला तर एका स्नायपरचा.

फुलपात्र
हे दोन दिवसांनी धाकटे वाचून कसंतरी झालं.

देवगड_हापूस
अवांतर : परमवीरांवर बेटं, जहाजं, पण व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांना काही नाही. सगळ्या सरकारांना या लोकांचं काय करायचं तेच कळलेलं नाही. आधीच्यांनी तेच केलं आणि आत्ताच्यांनी

संपादक
देवगड_हापूस यांचा प्रतिसाद मध्येच कापला आहे, पुढचे सहा उडवले आहेत. धाग्याचा विषय १९४४ आहे, पुढची विधानसभा नाही.

लाल_डबा
मी सहातले दोन वाचले होते. काही गमावलं नाहीत.

कुंडलिकाकाठ
बाप रे, कामात होतो, आत्ता सगळं वाचलं. पेरुजावाली, खूप आभार. अजून एक शंका : त्यांची समाधी वगैरे आहे का? फुलं वाहायची तर कुठे?

पेरुजावाली
समाधी नाही. त्यांचं नाव कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय. रोमच्या दक्षिणेला, नेपल्सच्या वाटेवर. ज्यांची कबर कुठे आहे हे ठाऊक नाही अशा चार हजारांवर जणांची नावं हिरव्या संगमरवरावर आहेत.

देवगड_हापूस
(मी शहाण्यासारखा परत आलोय.) हिंदू सैनिकांचं दहन करत ना? मग कबर नसणारच.

माजी_हवालदार
दहन झालेल्यांची वेगळी स्मारकं आहेत. फोर्लीला भारतीय सैनिकांच्या दफनभूमीत तसं एक आहे, सांग्रो नदीकाठी एक आहे. दहन झालं तर नाव सहसा तिथे जातं. कॅसिनोवर नाव आहे म्हणजे अखेरचा ठावठिकाणाच नोंदलेला नाही.

आता एक गोष्ट बोलतो, कुणीच काढली नाही म्हणून. "ते सोडून सगळे ठार किंवा जखमी". हे सगळे म्हणजे कोण? तीही आपल्याच मुलखातली पोरं, मराठी बोलणारी. त्यांना पदक नाही, पुतळा नाही, धागा नाही. इटलीत पन्नास हजारांवर भारतीय लढले, ५,७८२ गेले. तिथल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा आपल्यांना, ती सहा नावं पाठ असतात. बाकीचे सगळे भिंतीवर बारीक अक्षरात. कुंडलिकाकाठ, कॅसिनोला गेलात तर घाडग्यांचं नाव सापडल्यावर लगेच परत फिरू नका. त्यांच्या पलटणीची पूर्ण यादी त्याच भागात असेल. वाचा. जाधव, शिंदे, मोरे, कदम, सावंत. मुलीला मोठ्याने वाचू द्या. बावीस वर्षांचा म्हातारा वाटावा अशी वयं असतात त्यात.

रोखठोक_नाना
हवालदारसाहेब, हे करण्यासारखं आहे. आणि यात फलकावर काय लिहावं हा प्रश्नच येत नाही, नाव आणि पलटण, बास.

माझं मत तेच आहे, ते युद्ध आपलं नव्हतं. पण मुलीला नेऊ नका असं मी आता म्हणणार नाही. उलट महाडलाही न्या. हुतात्मा स्मारक आणि माणगावचा घाडग्यांचा पुतळा, दोन्ही एका दिवसात होतं.

लाल_डबा
नाना, एका दिवसात? त्या हायवेने? शुभेच्छा.

फुलपात्र
कुंडलिकाकाठ, मला वाटतं मुलीला उत्तर देऊच नका. हा धागाच वाचायला द्या, मग तीच ठरवेल. दस्त्याचा भागही गाळू नका. मी आधी उलटं म्हणत होते, पण तो भाग गाळला तर उरतो तो पुतळा, मुलगा उरत नाही.

कुंडलिकाकाठ
वाचायला दिला. तिचं पहिलं वाक्य : "नानाकाकांचं आणि माझं जमेल." दुसरं : "त्या तारवाल्या आजींचं अजून काही आहे का?"

रस्ता आता असा ठरवलाय. रोमहून आधी दक्षिणेला कॅसिनो, मग वर पेरुजा, मोंतोने, तिथून फ्लॉरेन्स. व्हेनिस एका दिवसाने कापलं, बायको अजून बोलत नाहीये. पेरुजावाली, मोंतोनेत गाडी वर नेता येते का?

पेरुजावाली
तटाच्या आत नका नेऊ, रहिवाशांचीच जातात, दंडाचा कागद थेट रोह्याला येईल. खाली वाहनतळ आहे, तिथून चढ. स्मारक बघायचं तर सकाळी उन्हात जा, ढगाळ दिवशी सूर्यघड्याळाचा काही उपयोग नाही. आणि दुपारी एक ते चार सगळं बंद असतं, जेवण आधी उरका.

आगाऊ_कार्टं
एक ते चार बंद? म्हणजे पुणेकरांनीच मुक्त केलेलं दिसतंय.